एमजीबी घ्यावी म्हणतो: लाल रोडस्टर की हिरवी जीटी?

टेम्सकाठचा सातारकर

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. एमजीबी ही छोटी स्पोर्ट्स गाडी 1962 पासून 1980 पर्यंत ज्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत होती, ते गाव माझ्या घरापासून तासाभराच्याही आत आहे, हे मला येथे आल्यावर कित्येक वर्षांनी समजले. तेव्हापासून रविवारी रस्त्यावर एखादी एमजीबी दिसली की मान वळल्याशिवाय राहत नाही. आता मुले मोठी झाली आहेत, गॅरेज रिकामे पडले आहे आणि दहा हजार पौंडांपर्यंतची रक्कम बाजूला काढून ठेवली आहे.

दोन गाड्या नजरेसमोर आहेत. पहिली 1971 ची रोडस्टर असून तिचा रंग लाल आहे, बंपर क्रोमचे, चाके तारांची आणि छत कापडी. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी ती 9,750 पौंडांना विकतो आहे. दोन वर्षांपूर्वी गाडीचे संपूर्ण पुनरुज्जीवन झाले असून सर्व काही मूळचेच आहे, असे त्याचे म्हणणे आहे. 2018 नंतर मात्र तिची एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी, झालेली नाही. कायद्याने आता ती लागत नाही, असे त्याने सांगितले. दुसरी 1977 ची जीटी आहे, म्हणजे पक्के छत आणि मागे उघडणारे दार असलेली. रंग ब्रुकलँड्स ग्रीन, पण तो आता फिका पडला आहे. बंपर काळ्या रबराचे आहेत आणि आसनांना आरामखुर्चीच्या कापडासारखे पट्टे आहेत. ऐंशीच्या घरातल्या एका गृहस्थांकडे ती गेली सव्वीस वर्षे आहे आणि ते 4,800 पौंड मागत आहेत. तिच्याबरोबर बिलांची एक जाडजूड फाईल येते. मागच्या चाकावरील कमानीपाशी रंगाला फोड आलेला छायाचित्रातही दिसतो.

मन अर्थातच लाल गाडीकडे धावते. रबरी बंपरच्या गाड्यांना येथे लोक नाके मुरडतात, हेही ऐकून आहे. चाक बदलण्यापलीकडे मला गाडीतले काही कळत नाही, तेव्हा प्रत्यक्ष पाहायला गेल्यावर काय तपासावे आणि कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना पाना

सातारकर, एमजीबी घेताना आपण इंजिन विकत घेत नसतो, पत्रा विकत घेत असतो, एवढे एकच वाक्य लक्षात ठेवलेत तरी तुमचे अर्धे पैसे वाचतील. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, आसने यांतले काहीही बिघडले तरी सुटे भाग दोन दिवसांत घरपोच येतात आणि ते फार महागही नसतात. खरे तर पत्र्याचा प्रत्येक भागही मिळतो, कारण मूळ साचे वापरून 1988 पासून एमजीबीचा अख्खा सांगाडासुद्धा नव्याने तयार केला जातो. परंतु पत्रा कापून, जोडून, सरळ करून देणाऱ्या कारागिराच्या तासांचे जे बिल येते ते गाडीच्या किमतीला मागे टाकते.

याचे कारण या गाडीच्या रचनेत आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही. सांगाडा आणि बॉडी एकच आहे. रोडस्टरला छताचा आधार नसल्यामुळे गाडीचा मधला भाग पेलण्याचे काम मुख्यतः दाराखालच्या सिलकडे येते. ही सिल म्हणजे बाहेरून दिसणारी एक पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोहोंमध्ये उभा पडदा आणि खालून एक नागमोडी घडीची पट्टी असे चार थर मिळून ती एक पोकळ तुळई बनते. पाणी आणि रस्त्यावरचे मीठ तिच्या पोटात साठते, त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पडदा बहुधा चाळणी झालेला असतो. योग्य दुरुस्ती करायची तर पुढच्या आणि मागच्या मडगार्डांचे खालचे तुकडेही काढावे लागतात, कारण सिल त्यांच्या आड शिरलेली असते. म्हणून लबाड माणूस काय करतो, तर कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा टोपीसारखा बसवतो, कडांना पुट्टी भरतो आणि त्यावर झकास रंग मारतो. तुमची लाल गाडी तशीच आहे असे मी म्हणत नाही. पण चकचकीत रंग हा तपासणीचा शेवट नसून सुरुवात आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. दाराच्या पुढच्या कडेखाली गुडघे टेकून बसा. पुढचे मडगार्ड बोल्टने बसवलेले असते, त्यामुळे ते आणि सिल यांच्या जोडाची उभी रेघ तेथे दिसलीच पाहिजे. ती गुळगुळीत बुजलेली असेल, तर कोणीतरी ती बुजवली आहे. फ्रीजवर लावतात तसे एक मऊ चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या आणि सिलवर, चाकांच्या कमानींवर आणि मडगार्डांच्या खालच्या वीतभर भागावर फिरवून पाहा. पुट्टीवर ते धरत नाही. त्यानंतर दार आणि मागचे मडगार्ड यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत बोटाने मोजा. मग सिलच्या मध्यभागी जॅक बसवण्याची जी मूळची जागा आहे, तेथेच जॅक लावून गाडी उचलायला सांगा आणि तीच फट पुन्हा पाहा. गाडी उचलल्यावर फट कमीजास्त होऊ लागली किंवा दार उघडताना अडकू लागले, तर मधली तुळई कमजोर झाली आहे असे समजून नमस्कार करावा आणि घरी यावे. जॅक लावू देण्यास विक्रेता नकार देत असेल, तर तो नकार हेच उत्तर समजा.

एक गोष्ट मात्र येथे बसूनही सांगता येते. तुम्ही दिलेल्या छायाचित्रात लाल गाडीच्या तोंडाला उभ्या पट्ट्यांची क्रोमची जाळी आहे. ती 1969 पर्यंतच्या गाड्यांची. 1970 ते 1972 च्या मॉडेलना आत खोल बसवलेली काळी जाळी होती, आणि ती कोणालाच फारशी आवडत नसल्यामुळे अनेकांनी काढून टाकली. जाळी बदलणे हा गुन्हा नव्हे. मीही बदलली असती. पण सर्व काही मूळचेच आहे असे सांगणाऱ्याला आपल्या गाडीचे तोंडही ठाऊक नसेल, तर न दिसणाऱ्या भागांबद्दलच्या त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचे हे तुम्हीच ठरवा. नोंदणीपत्र आणि गाडीवरची पाटी यांवरचा चासी क्रमांकही ताडून पाहा. त्या वर्षीच्या रोडस्टरचा क्रमांक 'जीएचएन5' ने सुरू व्हायला हवा आणि तुमच्या जीटीचा 'जीएचडी5' ने.

हे सर्व इतक्या अधिकाराने सांगतो, कारण फी भरून शिकलो आहे. माझी पहिली एमजीबी मी अशाच एका गोड बोलणाऱ्या व्यापाऱ्याकडून घेतली होती. दुसऱ्या हिवाळ्यात चालकाच्या बाजूचा गालिचा ओला का लागतो म्हणून उचलून पाहिला, तर खाली रस्ता दिसला. गंजलेल्या भोकावर कोणीतरी बिस्किटांच्या डब्याचा पत्रा रिव्हेटने ठोकून त्यावर डांबर फासले होते. डब्यावरची फुले अजून ओळखू येत होती.

मृण्मयी

जुना पाना यांनी पत्र्याविषयी सांगितलेल्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. रबरी बंपरविषयी मात्र दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण गेली नऊ वर्षे माझ्याकडे तशीच एक जीटी आहे आणि तिच्याविषयीची हेटाळणी मला जरा जास्तच लागते.

हे बंपर कोणाच्या आवडीने आलेले नाहीत. एमजीबीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका होते, आणि तेथील सरकारने कमी वेगाच्या धडकेत गाडीचे नुकसान होऊ नये आणि बंपर ठरावीक उंचीवर असावेत असे नियम केले. कारखान्याजवळ नवे मॉडेल काढण्याइतका पैसा नव्हता, म्हणून 1974 च्या शरद ऋतूपासून पोलादी सळीवर जाड काळे आवरण चढवले गेले आणि सगळी गाडीच सुमारे दीड इंच वर उचलली गेली. उंची वाढल्यामुळे वळणावर गाडी कलू लागली, ही तक्रार त्या वेळी खरीच होती. परंतु 1977 च्या मॉडेलपासून पुढे जाड आणि मागे नव्याने अँटिरोल बार, म्हणजे गाडीला कलू न देणाऱ्या सळ्या, देण्यात आले आणि ती बरीच सावरली. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मोठ्या रस्त्यावर इंजिनाचे फेरे कमी करणारी जोड, तोपर्यंत येथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला मिळू लागला होता आणि त्याचे बटण गिअरच्या मुठीवर आले होते. पंखाही इंजिनाच्या पट्ट्यावर न चालता विजेवर चालू लागला. म्हणजे नाके मुरडणाऱ्यांनी जी गाडी स्वस्त करून ठेवली आहे, ती रोजच्या वापराला क्रोमवालीपेक्षा काकणभर सरसच आहे.

जीटीचे छत पिनिनफरिना या इटालियन संस्थेच्या हातचे आहे आणि 1965 मध्ये ते आले. काचेची वरची कड रोडस्टरपेक्षा उंच ठेवून तेथून मागच्या दारापर्यंत जी एक सलग उतरती रेघ त्यांनी काढली, ती पावसात गाडी उभी असताना बाजूने पाहावी. मी दूध आणायला गेले तरी दुकानाच्या दारात थांबून पाहते. शिवाय त्या छतामुळे सांगाड्याला ताठपणा येतो, इंग्लंडच्या पावसात कोरडे राहता येते आणि मागे सामान भरपूर मावते. रोडस्टरचे सुख वेगळे आहे, ते मी नाकारत नाही. पण ते सुख वर्षातून किती दिवस मिळते, हे रेडिंगमध्ये अकरा वर्षे काढलेल्या माणसाला मी सांगायला नको.

जीटीत विशेष पाहायचे ते असे: पुढच्या काचेच्या खालची चौकट, मागच्या दाराची खालची कड, आणि दारावरील तिकोनी काचेच्या बुडाशी पत्र्याला गेलेली बारीक उभी चीर. ही चीर जवळपास प्रत्येक एमजीबीच्या नशिबी असते. तिने घाबरू नका, मात्र तिच्या नावावर किंमत अवश्य कमी करून घ्या.

चालवून पाहताना मोठ्या रस्त्यावर सत्तर मैलांच्या वेगाला ओव्हरड्राइव्ह लावा. चौथ्या गिअरमध्ये सुमारे 3,900 वर असलेला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा 3,200 च्या आसपास उतरला पाहिजे आणि केबिनमधला गोंगाट एकदम खाली बसला पाहिजे. बटण दाबल्यावर काहीच झाले नाही आणि विक्रेता "तार सुटली असेल" म्हणाला, तर ती तार आधी त्यालाच जोडायला सांगा.

चाळीस वर्षांपुढील गाडीला ऐतिहासिक वर्गात नोंदवल्यावर कर लागत नाही आणि लंडनचे प्रदूषण शुल्कही द्यावे लागत नाही. विमा मात्र आधी ठरवून घेतलेल्या मूल्याचाच काढा, नाहीतर अपघातानंतर तुमच्या लाडक्या गाडीची किंमत कोणीतरी जुन्या भंगाराच्या हिशेबाने ठरवील. एमओटी बंधनकारक नसली तरी ज्या मालकाने ती दर वर्षी करून घेतली, त्याच्याविषयी मला आपोआप आदर वाटतो. वाहनाच्या क्रमांकावरून तपासणीचा जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. लाल गाडीचा 2018 पूर्वीचा इतिहास उघडा आणि गंजाविषयीचे शेरे वाचा.

शाहूपुरीकर

मी लेस्टरला असतो. माझ्या वडिलांची कोल्हापुरात अँबॅसडर टॅक्सी होती आणि माझे सगळे बालपण तिच्या बोनेटखाली गेले. येथे आल्यावर मित्राच्या एमजीबीचे बोनेट प्रथम उघडले, तेव्हा एखाद्या परक्या गावात अचानक नात्यातला माणूस भेटावा तसे झाले. दोन्ही इंजिने बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी मालिकेतली. अँबॅसडरचे 1,489 सीसीचे आणि एमजीबीचे 1,798 सीसीचे, वर एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर लावलेले. पण टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांवरचे, झाकण, बाजूला बसवलेला डिस्ट्रिब्युटर आणि तो किंचित खरखरता आवाज तोच. तेव्हा सातारकरांनी या इंजिनाला विलायती समजून बिचकू नये. आपल्याकडच्या हजारो टॅक्सीवाल्यांनी ते रस्त्याकडेला बसून उघडले आहे.

पाहायला जाण्याआधी विक्रेत्याला सांगून ठेवा की इंजिन थंडच ठेवा. बोनेटला हात लावा. गरम लागले तर काहीतरी लपवायचे होते. चॉक ओढून सुरू करा आणि इंजिन तापल्यावर तेलाचा दाब पाहा. चालत्या गाडीत काटा 50 ते 70 च्या दरम्यान असावा आणि उभ्या गाडीत 15 च्या खाली जाऊ नये. टॅपेट थोडे वाजलेले मला आवडतात, अगदी गप्प असलेले आवडत नाहीत, कारण आवाज घालवण्यासाठी कोणी ते जास्त आवळले असतील तर व्हॉल्व्ह जळतात. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडून पुन्हा दाबल्यावर मागून निळा धूर निघाला तर व्हॉल्व्हची तेल अडवणारी सिले गेलेली असतात, आणि चढावर सतत निघाला तर पिस्टनच्या रिंगा.

तारांच्या चाकांची गाडी असेल तर एक चाक उचला, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक दोन्ही हातांनी पुढेमागे फिरवून पाहा. खटखट झाली तर आतले दाते झिजले आहेत, आणि मग केवळ चाक नव्हे तर ते ज्यावर बसते तो हबही बदलावा लागतो. पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनना तीन हजार मैलांना एकदा ग्रीस द्यावे लागते. हल्ली ते कोणी करत नाही, कारण आधुनिक गाड्यांनी लोकांची ग्रीस देण्याची सवयच मोडली आहे. पुढे वाकून ग्रीस भरण्याच्या तोंडाकडे, म्हणजे निपलकडे, पाहा. त्यावर ताज्या ग्रीसचा ठिपका असेल, तर मालक कसा आहे हे फाईल न उघडताही कळते.

पेट्रोलविषयी: येथे शिशाचे पेट्रोल 2000 सालापासून बंद झाले. शिशाविना व्हॉल्व्हची बैठक झिजते, म्हणून सिलिंडर हेडमध्ये कडक पोलादाच्या व्हॉल्व्ह सीट बसवल्याचे बिल आहे का ते पाहा. 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्या खाते. म्हणून नळ्या नव्या प्रकारच्या घालाव्यात आणि पंपावर 97 ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरावे, ज्यात इथेनॉल पाच टक्क्यांपुढे नसते. इंजिनात तेल 20डब्ल्यू-50 या प्रतीचेच. हे इंजिन थोडे तेल गाळणारच. खाली पुठ्ठा टाकावा आणि ज्या दिवशी डाग पडणार नाही त्या दिवशी तेल संपले की काय ते पाहावे.

टेम्सकाठचा सातारकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी दोन्ही गाड्या पाहून आलो. वृत्तान्त थोडा लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

लाल गाडी पाहताक्षणी माझे गुडघे तपासणीसाठी नव्हे, तर निव्वळ तिच्या देखणेपणाने वाकले, हे आधी कबूल करतो. मग सांगितल्याप्रमाणे दाराखाली बसलो. डाव्या बाजूला मडगार्ड आणि सिल यांच्या जोडाची रेघ होती. उजव्या बाजूला ती शोधूनही सापडली नाही. पत्रा काचेसारखा सपाट होता. फडक्यातले चुंबक वरच्या भागावर टक्कन बसले आणि खालच्या चार बोटांवर प्रत्येक वेळी घसरून माझ्या तळहातात आले. जॅक लावता येईल का असे विचारले, तेव्हा जॅक आज दुसऱ्या जागी गेला आहे आणि शिवाय नवीन रंगाला ओरखडा जाईल, असे उत्तर मिळाले. पुनरुज्जीवनाची छायाचित्रे मागितली, तर रंग मारल्यानंतरचीच दाखवली गेली. 2017 च्या एमओटीमध्ये उजव्या सिलच्या गंजाचा शेरा आहे, हे मी आदल्या रात्रीच वाचले होते. तो शेरा मोबाइलवर समोर धरला, तेव्हा संभाषण आपोआप हवामानावर गेले.

दुपारी ऑक्सफर्डच्या पलीकडच्या त्या आजोबांकडे गेलो. मी चुंबक खिशातून काढण्यापूर्वीच त्यांनी स्वतः दोन्ही बाजूंचे गालिचे उचलून ठेवले होते. डाव्या बाजूच्या तळाला 2009 मध्ये नवा पत्रा जोडला आहे. जोडकामाच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र फाईलमध्ये आहे, आणि आधीचे भोकही आहे. सिलवर दोन्ही बाजूंना रेघ आहे. त्यांनीच जॅक काढला. फट तसूभरही हलली नाही. मागच्या कमानीचा फोड मात्र छायाचित्रात दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. माझे बोट थोडेसे आत गेले आणि मी घाईने बाहेर काढले, तेव्हा ते म्हणाले की अजून दाबा, तेथे काय आहे ते तुम्हाला आजच कळलेले बरे. दारावर ती चीरही आहे. किंगपिनच्या निपलवर ग्रीसचा ठिपका होता. शाहूपुरीकर, तो पाहून मला एकट्यालाच हसू आले आणि का हसतो ते त्यांना इंग्रजीत सांगता सांगता नाकी नऊ आले.

चालवताना पहिले दहा मिनिटे मला ती जड वाटली. सुकाणू हातात गच्च धरावे लागते, क्लच पायाला व्यायाम देतो आणि ब्रेक फार आधी ठरवून दाबावा लागतो. मग एका लांब वळणावर, तिसऱ्या गिअरमध्ये, रस्त्याचा खडबडीतपणा सुकाणूतून तळहातापर्यंत येताना जाणवला. वेग होता अवघा पंचेचाळीस मैल. माझ्या रोजच्या गाडीत त्या वेगाला मी वळण आले होते हेही विसरतो. ओव्हरड्राइव्हचे बटण दाबल्यावर काटा खाली आला, आवाज बसला आणि शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्याकडे न पाहताच मान डोलावली.

कमानीच्या दुरुस्तीचा अंदाज धरून 4,400 पौंडांना सौदा ठरला. येत्या रविवारी ती घरी येईल. उरलेल्या पैशांतून आधी कमान, मग रंग, असा विचार आहे. एक शंका आहे: किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी मागच्या बाजूने टक् टक् टक् असा आवाज येत होता आणि थोड्या वेळाने तो थांबला. आजोबांना विचारायचे राहून गेले. हा दोष आहे का?

जुना पाना

अभिनंदन. तो दोष नाही. तो एसयूचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप आहे. कार्बोरेटरच्या वाट्या भरेपर्यंत तो टकटक करतो आणि भरल्या की गप्प बसतो. किल्ली फिरवून तो थांबण्याची वाट पाहा आणि मगच स्टार्टर मारा. टकटक थांबतच नसेल, तर टाकीतले पेट्रोल संपले आहे किंवा कुठेतरी गळते आहे, तेव्हा स्टार्टर न मारता आधी खाली वाकून वास घ्या. आणि मुळीच आवाज आला नाही, तर उजव्या मागच्या चाकाजवळ तो बसवलेला असतो. त्याला पान्याच्या मुठीने हलकेच एक टपली मारा, बहुतेक वेळा तो जागा होतो. घरापर्यंत तेवढे पुरते, पण दुसऱ्या दिवशी त्याचे विजेचे पॉइंट साफ करून घ्या.

रंगाची घाई करू नका. कमान उघडल्यावर आतल्या बाजूला गंज रोखणारे मेण फवारून घ्या, आणि आजोबांकडे ग्रीस गन असेल तर तीही मागून घ्या.

टेम्सकाठचा सातारकर

ती त्यांनी आधीच डिकीत ठेवली आहे, अर्धी भरलेली.